कांताबाईची काशाची वाटी

वाशिमला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते, तेव्हा किन्हीराजाहून पुतण्याचा फोन आला. "काकी, माय गेली..." त्याची माय म्हणजे माझी थोरली जाऊ, कांताबाई. सकाळी मळ्यात फिरून आली, गरम भाकर खाल्ली, देवापुढे बसली आणि बसल्या जागीच गेली. ना सलाईन, ना कण्हणं. माझ्या मांडीवर एक्स-रेची पिशवी. डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, जातानासुद्धा हिचं काही दुखलं नाही! महिना उलटला, पण ती जळजळ अजून गेलेली नाही.

आमचा भाजीपाल्याचा मळा. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी... जुड्या बांधून मालेगावच्या बाजारात पाठवायच्या. मी सून म्हणून आले तेव्हा घरातल्या बायका सगळ्यांचं आटोपल्यावर उरलंसुरलं खायच्या. कांताबाई मात्र तव्यावरची पहिली भाकर स्वतः खायची, नीट मांडी घालून, सावकाश चावत. सासूबाईंचा तिळपापड व्हायचा. "देवाच्या आदी खातं काय वं?" ती हसून म्हणायची, "हे आंगबी त्यानंच देल्लं हाय ना, आत्याबाई? त्याची वस्तू जपून वापरा लागते." मी मात्र सोमवार, चतुर्थी, एकादशी, कुणी सांगेल तो उपास धरायची आणि उपाशीपोटीच वाकून निंदण करायची. सासूबाई चारचौघांत माझं कौतुक करायच्या. कांताबाई दुपारी लिंबाखाली घटकाभर आडवी व्हायची, संध्याकाळी मळ्याच्या धुऱ्या-बांधावरून हात उंच करत, अंग मोकळं करत चालायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांत माझं हसणं सगळ्यांत मोठं. देवाच्या दारात माझा नंबर हिच्या पुढे असणार, याची मला खात्रीच होती.

पण झालं उलटंच. वाटणीच्या वेळी विहिरीच्या पाण्यावरून मी एकदा तिला नाही नाही ते बोलले. एकादशी होती, डोकं ठणकत होतं. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी सगळ्यांदेखत थोरल्या दिरांना, तिच्या नवऱ्याला, म्हणाली, "उपाशी हाय ते. आदी तिले काई खाऊ द्या, मंग पाण्याचं बोलू." सगळ्या गावाने तिचा शांतपणा वाखाणला. मला वाटलं, विहिरीत ढकलून द्यावं हिला. दोन गरम भाकरी पोटात असत्या तर मीही शांत राहिले असते की!

आणि भजनात तर तिने माझी पुरती जिरवली. मारुतीच्या देवळात बायका सतरंजीवर बसायच्या. मी मागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर. ती पुढे, पाठ ताठ, डोळे मिटलेले. भजन संपून टाळ पिशवीत गेले तरी ती तशीच बसलेली असायची आणि चेहऱ्यावर असं काही असायचं, की माझा जीव तुटायचा. इतके उपास मी केले आणि ते मिळालं हिला? एकदा न राहवून विचारलंच, "काय दिसते वो बाई तुमाले तिथं?" ती म्हणाली, "काईच नाई दिसत. पन काई दुखतबी नाई. मंग मन बसते आपोआप." माझं मन मात्र देवापुढे बसलं की थेट गुडघ्यात जाऊन बसायचं.

संध्याकाळी ओट्यावर ती कोमट तिळाचं तेल घेऊन बसायची आणि काशाच्या वाटीने तळपाय घासायची. मी दिसले की हाक ठरलेली, "शोभे, पाय दे वं इकडे." मी म्हणायची, थोरल्या जावेच्या हाती पाय कसा देऊ, पाप लागेल. खरं म्हणजे तिच्याकडून मला काहीच नको होतं. तिच्याजवळ आधीच सगळं होतं, वर देण्याचं पुण्यही तिलाच कशाला?

तेराव्यानंतर तिची सून ती वाटी घेऊन आली. "काकी, हे तुमाले द्याची, असं आत्याबाई मांगंच म्हनल्या होत्या." म्हणजे शेवटी दिलंच तिने! मी वाटी फडताळात मागे ढकलून दिली.

काल संध्याकाळी मात्र काढली. घासून घासून तिचं बूड एका बाजूने गुळगुळीत झालं आहे. तेल कोमट केलं, ओट्यावर खुर्ची घेतली आणि वाकले. हात पोटरीपर्यंत गेला आणि अडला. पुन्हा वाकले, पुन्हा अडला. शेजारच्या ओट्यावर ती बसायची ती जागा रिकामी होती. मी चिडून पाय तिकडे लांब केला आणि मोठ्याने म्हणाले, "घ्या बाई, देल्ला पाय."