साहेबाला पकडायचं कोणी?

आमच्या गावात एक माणूस असा आहे, की तो दिसला की लोक बसल्या जागेवरून उठतात. टपरीवरचा गडी हाताचा चुना पुसतो, म्हातारी माणसं टोपी सारखी करतात आणि कुणीतरी खुर्ची आणायला पळतं. हा माणूस माझा लहानपणापासूनचा मित्र. लष्करात अधिकारी होता, सीमेवरच्या लढाईत त्यानं नाव काढलं, राष्ट्रपतींच्या हातून शौर्यपदक घेतलं आणि निवृत्त झाल्यावर शहरात बंगला न बांधता गावी परत आला. तेव्हापासून त्याचे नुसते सत्कार चालू आहेत. वडीगोद्रीपासून अंबडपर्यंत त्याला शाल घातली नाही अशी शाळा शोधून सापडायची नाही. एवढ्या शालींचं तो उन्हाळ्यात काय करतो, हे मी त्याला एकदा विचारलंही.

पण अधिकारी व्हायच्या आधी तो आमच्या कबड्डी संघाचा डावा कोपरा होता आणि मी त्याच्या शेजारचा गडी. समोरचा चढाईला आला की आम्ही दोघं हात धरून साखळी करायचो. त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हातात. घोटा पकडण्यात तर तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा त्याच्या पंजात पाय सापडला, की गडी मैदानभर वळवळायचा पण सुटायचा नाही. पुढं तो विद्यापीठाकडून खेळला, परीक्षा देऊन लष्करात गेला, आणि मी जालन्याच्या एमआयडीसीत सळ्यांच्या कारखान्यात लागलो.

लढाईबद्दल तो बोलत नाही. मी खनपटीलाच बसलो तेव्हा एकदा सांगितलं. बर्फाच्या कड्यावर त्याचा एक जवान जखमी होऊन उघड्यावर पडला होता आणि वरून गोळ्या येत होत्या. हा सरपटत गेला, खडकाआडून हात लांब केला, तर त्या पोराचा फक्त बूट हाती लागला. "मंग काय, घोटा धरला अन् ओढला. दुसरं काय येतंय मला?" त्या ओढण्यात गोळी लागून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, पण जवान वाचला. त्यानंतर त्याच हाताला पट्टी गुंडाळून त्यानं वरची चौकी घेतली, हे मात्र त्यानं मला सांगितलं नाही. ते मी तेव्हाच पेपरात वाचलं होतं. त्या दिवशी पाळीवर असताना मी ओळखीच्या आणि बिनओळखीच्या सगळ्यांना तो पेपर दाखवत फिरलो. माझी छाती एवढी फुगली होती, की मुकादमानं विचारलं, लढाई तू केलीस का?

यंदा जयंतीच्या स्पर्धा जवळ आल्या तेव्हा तो माझ्या घरी आला आणि म्हणाला, "मला खेळायचंय."

"वय काय तुझं?"

"तुझंच."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "गावात आल्यापासून मला कोणी साधा धक्का मारला न्हाई. एसटीत चढायलो तर लोक बाजूला होऊन राह्यले. पाया पडायला सोडून कोणी मला हात लावत न्हाई. एक सामना बराबरीनं खेळायचाय, बस. मला गड्यासारखं धरा, पाडा. मंग आयुष्यभर तुमच्या शाली घेतो." एवढी पदकं मिळवलेल्या माणसाला एवढंच हवं असावं, याचं मला फार वाईट वाटलं. मी संघातल्या पोरांशी बोललो. पोरं एका पायावर तयार, फक्त त्याच्या शेजारी मीही उतरायचं, असं ठरलं.

विहारासमोरच्या मैदानावर सकाळी सत्कार झाला आणि दुपारी सामना. समोर केदारखेड्याचा संघ, सगळी विशी-बाविशीची, भट्टीतून काढल्यासारखी पोरं. आमचा मित्र चड्डी-बनियनवर मैदानात उतरला आणि पब्लिक टाळ्या वाजवत उभं राहिलं. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तो चढाईला गेला की ती सगळी पोरं मागच्या रेषेला चिकटून उभी राहायची. एकानं तर स्वतःहून पाय रेषेबाहेर टाकला आणि हात जोडले. आम्हाला गुण मिळाला, टाळ्या पडल्या, आणि ह्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. परत येऊन मला म्हणाला, "हे मला खेळवून राह्यले."

"अरे, इज्जत देऊन राह्यले ते."

"बिलकुल नको मला असली इज्जत."

मग त्यांचा एक पोरगा चढाईला आला. चपळ, नजरेत भरणारा. आम्ही दोघांनी हात धरले. दोन बोटं नसलेला तो पंजा माझ्या हातात आवळला गेला आणि मला जुने दिवस आठवले. पोरगा वाकला. मला वाटलं घोट्याला हात लावून पळणार. तर पठ्ठ्या, तोंडात कबड्डी-कबड्डी चालूच, आणि साहेबाच्या पायाला हात लावून नमस्कार करतोय! त्याला धरायला यापेक्षा सोपी संधी नव्हती. पण पाया पडणाऱ्याची पकड करायची कशी? माझे हात जागेवर थिजले. आणि माझ्या मित्राचा हात माझ्या हातातून सुटला आणि सवयीनं पोराच्या डोक्यावर गेला. आशीर्वाद घेऊन पोरगा मध्यरेषेपलीकडं परत गेलासुद्धा. सगळं मैदान गहिवरलं.

पंच म्हणजे आमच्या शाळेचे खेळाचे सर. त्यांनी शिटी वाजवलीच नाही. माझ्या मित्रानं हात वर केला, तर सर म्हणाले,

"साहेब, पाया पडला तो. ते धरत न्हाई आपण."

"हात लागला का न्हाई, सर?"

"लागला."

"दम चालू होता? परत गेला?"

"गेला, पण..."

"मंग मी बाद."

तो बाहेर जाऊन मातीत बसला. कुणीतरी खुर्ची घेऊन धावलं, ती त्यानं पायानं सारली. लोक कुजबुजायला लागले. मी मात्र समोरच्या पोरांची तोंडं पाहत होतो. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं, त्यांच्या कप्तानानं खाली मान घालून काहीतरी सांगितलं, आणि त्यानंतर कुणी हात जोडले नाहीत.

आम्ही एक गडी टिपला तेव्हा तो परत आत आला. गुण बरोबरीत होते, शेवटची चढाई राहिली होती, आणि ती त्यानं मागून घेतली. तो आत घुसला. आधी घोटा धरला गेला, मग कंबर, मग सगळे एकदम तुटून पडले आणि धुळीत तो दिसेनासा झाला. पन्नाशीचा गडी, काही झालं तर गावाला काय सांगू? शिटी वाजली. तो बाद, आम्ही हरलो. पोरं बाजूला झाली तेव्हा त्याचं कपाळ खरचटलेलं होतं आणि तोंडात माती.

तेवढ्यात आमच्याच बाजूनं एक आवाज फुटला. सकाळी त्याच्या गळ्यात हार घालून ज्यांनी हात जोडले होते, तेच काका काठी उगारून मैदानात घुसले होते. "अरे गाढवा! कशाला घुसला एवढा आत? हात लावून माघारी यायला काय झाल्तं? हातातला सामना घालवला ह्यानं! कोणी घेतलं रे ह्या म्हाताऱ्याला संघात?"

सरपंच काकांना आवरायला पुढं झाले, तर माझ्या मित्रानं त्यांना हातानं थांबवलं. तोंडातली माती थुंकली आणि म्हणाला, "चुकलं, काका." तो हसत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. काका काही गप्प बसले नाहीत, आणि तो मान खाली घालून त्यांच्यासमोर उभा राहिला, शेवटची शिवी देऊन होईपर्यंत.