हातात विळा असेल तर

“आईच्या हातात विळा दे, मग बसू दे तिला. कुणी काही म्हणणार नाही.”

तात्यासाहेब हे हसून म्हणाले. भोरच्या बागेत, पुढच्या फाटकाशी, चारचौघांत. हसून म्हणाले म्हणून मला अपमान कळायला वेळ लागला.

तात्यासाहेब म्हणजे गावातले मोठे वकील. बागेच्या कमिटीचे प्रमुख. मी शाळेत असताना ते मला जुनी पुस्तके द्यायचे. द्यायचे म्हणजे माडीच्या खिडकीतून खाली टाकायचे. मी सदऱ्याचा घोळ पसरून झेलायचो. एखादे चिखलात पडले की वरून ओरडायचे, “अरे, विद्या आहे ती! नीट झेल!” मी पुस्तक पुसायचो आणि वर बघून नमस्कार करायचो. बी.ए. होईपर्यंत मी या माणसाला देव मानले.

बागेच्या फाटकावर पाटी होती : सर्व लोकांसाठी खुली. आतली हिरवळ कापायची महारवाड्यातल्या बायांनी. त्या मागच्या कुंपणाच्या वाटेने जायच्या, विळा दिसेल असा हातात धरून. विळा हातात असला की बाई कामाची, तिचा विटाळ नाही. तो खाली ठेवून घटकाभर टेकली की माळी अंगावर धावायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. सगळ्यांना पाठ होता. बाग झाल्यापासून माझी आई ते गवत कापत होती. त्यावर बसली कधीच नव्हती.

निकाल लागल्यावर मी पुण्याहून घरी आलो. आईला म्हणालो, काय आणू तुला? वाटले, लुगडे मागेल.

“त्या गवतावर बसायचंय रं मला,” ती म्हणाली. “नुसतंच.”

म्हणून त्या संध्याकाळी मी तिला पुढच्या फाटकाने नेले. ती अडखळली. “हिकडनं नगं. आपली वाट मागनं हाय.” मी तिचा हात धरून आत आणले. माळी आडवा आला आणि तात्यासाहेबांनी आपली ती युक्ती सांगितली.

माळ्याने विळा आणून जमिनीवर टाकला. मी काही बोलायच्या आत आईने तो उचलला. उकिडवी बसली आणि गवत कापू लागली. मी आणलेले नवे लुगडे नेसून.

“बघ, झालं की नाही?” तात्यासाहेब म्हणाले. “थोडं डोकं चालवावं लागतं.”

भोवतालची मंडळी पुन्हा शेंगा खाऊ लागली. टरफले हिरवळीवरच टाकत होती. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. वकील, मास्तर, कारकून. यांतल्या एकाला गवताची पेंढी बांधता आली नसती. एवढी शिकलेली माणसे, आणि एक म्हातारी बूड टेकेल म्हणून घाबरलेली! अशांच्या खिडकीखाली मी वर्षानुवर्षे तोंड वर करून उभा राहिलो होतो. मला त्यांचा राग नाही आला. किळस आली.

मी आईच्या हातून विळा घेतला. तात्यासाहेबांच्या जोड्यांपुढे ठेवला.

“गवत वाढलंय, तात्या. कापा.”

‘साहेब’ मी गिळला नव्हता. काढून टाकला होता.

“पोरा! काय बोलतुयास?” आई उठू लागली. “मायबाप, चुकलं त्याचं, पदरात घ्या—”

“आये, बस.”

तिने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग बसली. चांगली मांडी घालून बसली.

मंडळींच्या बायका निऱ्या सावरत हिरवळीवरून उठल्या. “बाटवलं! सगळं बाटवलं!” कुणीतरी ओरडले. आईने तळवा गवतावर ठेवला.

“गार लागतंय रं,” ती म्हणाली.

मग आम्हाला ढकलत बाहेर काढले. माझा सदरा फाटला. आई रस्त्यावर पडली. उठली, धूळ झटकली आणि विचारले, “आता कामावर न्हाई घ्यायची ना मला?”

“नाही घेणार.”

“मंग उद्या मोकळीच हाय मी.”

तिथेच, रस्त्यात, मी ठरवले. अर्ज करायचा नाही. कुणाच्या दारी जायचे नाही. या माणसांना पुन्हा नमस्कार नाही. उद्या याच वेळी, याच फाटकाने आत शिरायचे, सारी वस्ती घेऊन. हाकलले तर परवा. त्या बागेत यांना आता एकही संध्याकाळ निवांत मिळू द्यायची नाही.