आयर्लंडमधला खून आणि आमच्या गल्लीतला डबा

माझ्या आत्याचं, म्हणजे अक्काचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. म्हणून रोज दुपारी मी तिला एक आयरिश खुनाची कादंबरी अहिराणीत सांगते. हे हल्लीचे आयरिश लेखक खून दोन पानांत उरकतात आणि मग गाव कसं वागतं तेच लिहीत बसतात. मला तेच आवडतं.

मेलेल्या मुलाच्या घरी शेजारणी सँडविच नेतात, हे ऐकून अक्काला बरं वाटलं होतं. आपल्याकडेही मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी नेतात.

आज खुनी सापडला. त्याच गावातला एक पोरगा. पोलीस त्याला घेऊन गेले.

अक्का म्हणाली, "आते त्यानी माय काय खाई?"

"त्याच्या आईच्या दारात कोणीच जात नाही," मी म्हटलं.

अक्का म्हणाली, "आयर्लंड दूर शे. रेखानं घर जवळ शे."

रेखाताई समोरच राहतात. त्यांच्या मुलाला पोलिसांनी नेल्यापासून गल्लीतलं कोणी तिकडे फिरकत नाही.

मी उठून पिठल्यासाठी बेसन काढलं, तर अक्काने हात धरला. "पिठलं नको. तिना पोऱ्या जिता शे."

मग भरीत केलं. रेखाताईंनी दारातच डब्याचं झाकण उघडलं, भरीत बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "आत ये. एकटीला जेवण जात नाही."

तुमच्या गल्लीत आहे का असं एखादं दार?