राखेतलं बियाणं

माझं बियाणं त्यांनी नळाखाली धुतलं.

सोलापुरात हवामान बदलावर कार्यशाळा होती. पारंपरिक ज्ञान मांडायला तिथल्या प्राध्यापकांनी मला बोलावलं होतं. केम गावाहून सकाळच्या गाडीनं गेले, मांडीवर गाडगं घेऊन. गाडग्यात शाळूचं, रब्बी ज्वारीचं बी, गोवरीच्या राखेत कालवलेलं. राखेत बी कोरडं राहतं, किडा लागत नाही. परतीच्या पावसानं पहिली पेरणी कुजवली होती. दुबार पेरायला घरात एवढंच उरलं होतं. दाखवून परत आणायचं, असं ठरलेलं.

मी दारातल्या वहीत सही करून येईपर्यंत गाडगं रिकामं. पांढऱ्या ताटात ओले दाणे चमकत होते. शेजारी चिठ्ठी: 'दुष्काळात टिकणारं देशी वाण'. खाली संकलक म्हणून प्राध्यापकांचं नाव. माझं नव्हतं. गावाचंही नव्हतं.

"बी हाय ते सर, तांदूळ न्हाय. धुतलं कशाला?"

"मावशी, राख घाण दिसते. फोटोत दाणा दिसायला नको का?"

"भिजलेलं बी टिकतंय व्हय? रानात अजून चिखल हाय. पेरू कुटं?"

प्राध्यापक हसले. "शास्त्र आमच्यावर सोडा. तुम्ही स्टेजवर एखादी ओवी म्हणा. लोकांना आवडतं."

पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "म्हणा की मावशी, लाजताय काय!"

लाजत नव्हते. आई आठवत होती.

आई पाटलाच्या रानात मजुरीला. काढणीआधी उभ्या पिकातून हिंडायची. पाऊस दडी मारून बसला तरी ज्या धाटाचं कणीस भरलं, त्याला लुगड्याची चिंधी बांधायची. ती कणसं वेगळी बडवायची. वर्षानुवर्षं. ते बी घरोघरी गेलं, माझ्या गाडग्यातही तेच; नाव मात्र गावानं दिलं, पाटलाचा शाळू. एकदा पाटलीणबाईंनी तिच्या ओच्यात चार कणसं बघितली. खळ्यावर, सगळ्यांसमोर, तिचं लुगडं झाडायला लावलं. आई बोलली नाही. मी शेजारी उभी होते. मीही बोलले नाही.

स्टेजवरून पुकारा झाला, "आता आपल्या मावशी!" नाव कुणी विचारलंच नव्हतं. मी गेले. माईक घेतला.

"ह्यो पाटलाचा शाळू न्हाय, सरांचा बी न्हाय. ह्यो सुंदराचा शाळू. सुंदरा माझी आई. चिठ्ठीवर तिचं नाव लिवा."

कुणी जागचं हललं नाही. मग खाली येऊन चिठ्ठी मीच फाडली. सत्काराची शाल टेबलावर होती. घडी मोडली, ओलं बी तिच्यात बांधलं.

"अहो मावशी, सत्कार व्हायचाय!"

"झाला की."

घरी बी सावलीत वाळवलं. मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहिले. निम्म्यांना मोड आले. निम्मे मेले. चिखल सुकून रानाला वापसा आल्यावर उरलेलं दाट पेरलं, तेही अर्ध्याच रानात. अर्धं पडीक राहिलं. ते मला रोज दिसतं.

परवा प्राध्यापकांचा फोन. पुढच्या कार्यक्रमाला थोडं बी पाठवाल का?

"पाठवणार न्हाय. काढणीआधी रानात या. चिंधी मी देते, कणीस तुमी निवडा. चुकलात तर सांगंन."

तिकडून फोन ठेवला गेला.

यंदा चिंध्या बांधायला गावातल्या सात बाया येणार आहेत, सगळ्या मजुरीवाल्या. एकेकीच्या घरात एकेक गाडगं राहील. गाडग्यावर खडूनं लिहायचं, सुंदराचा शाळू. ज्याला पाहिजे त्यानं उंबऱ्याशी यावं, ते नाव तोंडानं घ्यावं, आणि बी राखेसकट न्यावं. नाहीतर हात हलवत परत जावं.