गुडघ्याबाहेरची नस

"फूट ड्रॉप है," न्यूरॉलॉजिस्ट बाई म्हणाल्या. म्हणजे पाऊल घोट्यातून वर उचलता न येणं. "पैर कहीं दबा था क्या?"

तेव्हा कुठे मी कबूल केलं, "फोम रोलर." म्हणजे अंगाखाली घेऊन स्नायू दाबायचा तो फोमचा जाड लोड.

आधीच्या दोन डॉक्टरांना लाजेपोटी मी हे सांगितलं नव्हतं. परिणाम असा की तीन दिवस सगळे माझा मेंदू आणि कंबर तपासत बसले. लकव्याच्या भीतीने संदीपने, माझ्या नवऱ्याने, रजा टाकली.

झालं होतं एवढंच: मांडी बाहेरून आखडली होती. आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीतला जिम ट्रेनर म्हणाला, "मॅडम, मायोफेशियल रिलीज करो. दर्द हो तो समझो खुल रहा है." स्नायूंवरचं आखडलेलं आवरण दाबून सैल करायचं, असा त्याचा अर्थ. मी कुशीवर पडून, गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाखाली रोलर घेऊन, मालिकेचा अख्खा भाग बघितला. मुंग्या आल्या. गुण येतोय असं समजून पुढचा भाग लावला! उठले तर उजवं पाऊल फरशीवर फटकन आपटलं.

"वहाँ नस चमड़ी के बिल्कुल नीचे होती है," बाई म्हणाल्या. नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. बारीक झटके देऊन नस किती चालते ते बघतात. "ठीक होने में हफ़्ते लगेंगे, शायद महीने."

मग पाऊल धरून ठेवणारा स्प्लिंट. तो कुठल्याच बुटात मावेना. लिफ्टमध्ये रोज कुणीतरी विचारायचं, "पोलिओ था क्या?" पुण्याहून नणंद फोनवर म्हणे, "तेल लाव." गाडी चालवणं बंद. संदीपचं ऑफिस दिल्लीला, माझं नेमकं उलट दिशेला. तरी तो रोज मला सोडायचा आणि मी रोज त्याच्यावरच चिडायचे.

फिजिओथेरपिस्टने रोलर नीट शिकवला: फक्त मांसल भागावर, हळू, अर्धा-एक मिनिट. सांधे, हाडं, कंबर सोडून. मुंग्या आल्या, बधिर वाटलं, की तिथेच थांबायचं. एवढं खोक्यावर छापायला काय जातं यांचं?

नवव्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या टेबलावर पायाचा अंगठा हलला. जेमतेम, पण वर. मी तिथूनच संदीपला फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर आला.

"अच्छा," तो म्हणाला, "मग आता ऑफिसला तुझी तू जा." आणि फोनवरच रडायला लागला.