सदतीस अंशांवरचे साडू

माझ्या साडूंइतका चिवट माणूस वर्धा जिल्ह्यात आजवर झाला नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. वर्ध्याच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत. दोन हजार साल उलटल्यावर एका कंपनीनं त्यांना एक काम दिलं. हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत तारेची बारीक जाळी बसवतात, त्या स्टेंटवर औषध धरून ठेवणारा थर असतो. तो शरीरात हळूहळू विरघळून जायला हवा. मध्येच त्याचा पापुद्रा सुटला, तर रक्त अडायची भीती. म्हणून बारा जाळ्या बाटल्यांतल्या मिठाच्या पाण्यात, माणसाच्या अंगाएवढ्या म्हणजे सदतीस अंश उष्णतेत, सहा महिने ठेवून तपासायच्या होत्या.

इतर गावांत असं पाणी तापवावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात ते गार करावं लागे. कॉलेजातलं यंत्र फक्त तापवणारं, म्हणून साडूंनी बाटल्या घरी आणल्या आणि घरातला एकुलता एक कूलर त्यांच्या खोलीत लावला. बायको-मुली पंख्याखाली घामाघूम. मेव्हणीनं तक्रार केली, तर म्हणाले, "तुले गरमी झाली त सांगता येते. बाटल्याइले कुठं येते?" वर्ध्यात लोडशेडिंग सुरू झालं, की बाटल्या थर्मासच्या डब्यात घालून ते देवळीला सासुरवाडीकडे निघत, कारण तिथली वीज जायची वेळ वेगळी होती. बसमध्ये एकच जागा मिळाली, तर तिच्यावर डबा बसे आणि साडू उभे राहत. एकदा कंडक्टरनं विचारलं, तर त्याला त्यांनी देवळी येईपर्यंत हृदय समजावून सांगितलं. त्यानं डब्याचंही तिकीट फाडलं. साडूंना ते रास्तच वाटलं.

पाचव्या महिन्यात सूक्ष्मदर्शकाखाली एका जाळीच्या वळणावर पापुद्रा सुटलेला दिसला. कंपनीच्या साहेबांनी सुचवलं, की हे बसच्या धक्क्यांनी झालं असणार, तेवढी एक जाळी अहवालातून वगळा. साडू दोन दिवस धड जेवले नाहीत. चूक आपल्या प्रवासाचीच असेल, ही शंका त्यांनाही छळत होती. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, बसच्या धक्क्यानं जे सुटते, ते जिना चढणाऱ्या मानसाच्या छातीत कसं टिकन? मी बाराच्या बारा लिहीन."

थर नापास झाला. नवा थर यायला वर्ष लागलं, आणि साडूंनी पुन्हा सहा महिने मांडले. या वेळी मेव्हणीही डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. तो थर मात्र कुठंही न सुटता, शांतपणे विरत गेला.

ते स्टेंट पुढे कुणाला बसवले, हे त्यांना कुणी कळवलं नाही. आता ते निवृत्त झालेत. सकाळी फिरताना एखादा म्हातारा भरभर चालत पुढे निघून गेला, की साडू थांबतात, आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहतात.