बंद कूलर आणि बिडाचा तडा

वासूभाऊ माणसाला ‘बे’ म्हणत आणि गंजलेल्या बोल्टला ‘तुमी’. “या साहेब, बाहेर या. किती वर्सं बसान आतमधी?” असं म्हणत पाना फिरवत. बोल्ट हलला नाही, की त्याच आदबीनं त्याच्या सात पिढ्या उद्धारत. भाऊ गेल्या हिवाळ्यात गेले. त्यानंतर दुकानात इतक्या आदबीनं कोणी बोललेलं नाही.

कामठी रोडवर त्यांचं सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान. मी गुहागरकडचा, नववीत शाळा सुटलेली. वेल्डिंग करत करत इथवर आलो.

“समुद्र सोडून नागपुरात भाजाले आला? कोकण्या, तुह्या डोक्यावर उपचार पायजेन!”

हीच माझी मुलाखत. दुकानामागच्या त्यांच्या घरात मला एक खोली मिळाली, ताट काकूंच्या हातचं. म्हणून भाऊंचा आवाज चढला की मी मान खाली घालून कामाला लागायचो. इथून काढलं तर जायचं कुठे?

एका मे महिन्यात धरमपेठेतल्या बक्षीसाहेबांची गाडी आली. दोन दारांची, लांब नाकाची, जुनी जपानी स्पोर्ट्स कार. इंजिनाचा धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणारा तिचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, मॅनिफोल्ड तडकला होता. साहेबांनी पार जपानपर्यंत विचारून पाहिलं, तसा दुसरा मिळेना. मी म्हटलं, “स्टीलचा नवा बनवू या.”

भाऊ उखडले. “काहून? बाप म्हातारा झाला तं नवा बनवून आणतं काय बे?” आणि साहेबांना शब्द देऊन बसले, ओरिजिनलच जोडून देतो.

बीड जोडणं म्हणजे नुसता वैताग. तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग भट्टीत तापवायचं, बोटभर जोडायचं, हलकं ठोकायचं, पुन्हा बोटभर. शेवटी कोरड्या चुन्याच्या डब्यात पुरून सावकाश निवू द्यायचं; एकदम गार झालं की बीड तडकतं. एवढं सगळं करून डबा उघडला, तर जोडाच्या पुढे नवी चीर!

भाऊंना गुन्हेगार लगेच सापडला. मागच्या दारातला, काकूंनी लावलेला कूलर.

“गार हवा लागली त्याले! बीड हाय ते, तुह्या माहेरचा पाहुणा नोहे वारा घालाले!”

त्या दिवसापासून कूलर बंद. काकू ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पोळ्या लाटायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, “लोखंडाले जपून राहिले. बायको शिजली तरी चालते.”

दुसऱ्यांदा जोडला. पुन्हा चीर, त्याच बाजूला. भाऊंनी चिडून कूलरची वायरच उपटली. साहेब येऊन बघून गेले. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. “राहू द्या भाऊ. शनिवारी घेऊन जातो. नवाच बनवून घेईन कुठेतरी.” त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत.

मी तो मॅनिफोल्ड घेऊन बसलो. रॉकेल लावून पुसलं, वर खडू फासला, तसा पांढऱ्यावर तडा काळा उमटला. भाऊंनी पाडलेल्या भोकाच्या पुढे, चांगला नखभर. भोक तड्याच्या टोकाआधीच पडलं होतं. मोतीबिंदूचं काकू कधीपासून सांगत होत्या आणि भाऊ नुसता चष्मा पुसत होते. हे यांना सांगायचं कोणी? शेवटी मॅनिफोल्ड उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

“भाऊ, तडा भोकाच्या पुढे गेलाय.”

“काय बोलून राहिला बे?”

मी त्यांचं बोट धरून तिथे टेकवलं. नख चिरेत अडकलं. भाऊ उठून आत गेले.

“अवं,” त्यांचा आवाज आला, “कूलरचा दोष नव्हता. माह्या डोयाचा होता.”

“वायर लावा अगोदर,” काकू म्हणाल्या, “मंग बोला.”

परत आले ते ड्रिल माझ्या हातात देऊन स्वतः स्टुलावर बसले. “जेथं संपते तेथंच पाड. भट्टी मी पाहतो.”

या खेपेला चीर आली नाही. शनिवारी साहेब आले ते गाडी सुरू करूनच घेऊन गेले.

पुढे ऑपरेशनला भाऊंना मीच नेलं. डोळ्यावरची पट्टी निघाली, तसे ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले.

“इतका थोराड हाय तू? मले तं पोरगा वाटला होता,” ते वैतागून म्हणाले. “जाऊ दे बाप्पा. आता ठेवून घेतलंच हाय तुले.”